वहिनी आणि दीर्घिकांचे झोत

वहिनी मंठ्याच्या ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. घर, तास आणि दर शनिवारी एसटीनं विद्यापीठाच्या ग्रंथालयात खेप, असं सगळं सांभाळत तिनं पीएचडीचा प्रबंध लिहिला. विषय होता सर्पिल दीर्घिकांच्या, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या चक्राकार तारासमूहांच्या, केंद्रातून उसळणारे वायूचे झोत. शेवटची खुली मुलाखत जवळ आली, तेव्हा आईनं सांगून टाकलं, "मी पण येणार. इतके वर्षं ही काय करून राह्यली, मला कळू तरी दे."

मग वहिनीनं आईला दादाच्या टायपिंग क्लासमधल्या फिरत्या खुर्चीवर बसवलं. पसरलेल्या हातांत तराजूची दोन जड मापं दिली आणि खुर्चीला गिरकी दिली.

"आता हात छातीशी घ्या, आत्याबाई," ती सासूला म्हणाली.

आईनं हात आवळले तशी खुर्ची एकदम जोरात फिरायला लागली.

"अगं धर, धर मला!" आई ओरडली. आम्ही हसून बेजार.

दीर्घिकेतला वायूही असाच फिरत फिरत मधे ओढला जातो, असं वहिनीनं सांगितलं. पदर सावरत आई म्हणाली, "मंग तिथला वायू मधी पडतोच कसा? जवळ जाईल तसा जोरातच फिरल की."

"तेच तर शोधून राह्यले मी," वहिनीचा चेहरा उजळला. "फिरण्याचा हा साठा, त्याला कोनीय संवेग म्हणतात, आपोआप संपत न्हाई. कुणीतरी तो बाहेर न्यावा लागतो. थोडा वायू चुंबकीय क्षेत्रात सापडून वर-खाली झोतासारखा सुटतो आणि संवेग घेऊन जातो. मंग बाकीचा मधल्या कृष्णविवरात पडू शकतो."

मुलाखतीत परीक्षकांनी इंग्रजीत विचारलं, "असे मोठे झोत बहुतेक लंबवर्तुळाकार दीर्घिकांत दिसतात. तुमच्या सर्पिल दीर्घिकांत ते का आहेत?"

वहिनीनं शांतपणे सांगितलं,

"माझा एक अंदाज आहे, सर. पण आजच्या निरीक्षणांवरून तो सिद्ध होत नाही. खरं कारण मला माहीत नाही."

"अंदाज तर सांगा."

ती फळ्याकडे वळली आणि रंगून बोलत राहिली. मला अर्धंमुर्धं कळलं. आईला इंग्रजी बिलकुल येत नव्हतं, पण तिची नजर वहिनीवरून हलली नाही. पदवी जाहीर झाल्यावर तर ती व्हरांड्यात अनोळखी लोकांना थांबवून सांगत होती, "माझी सून हाय ती."

परतीच्या एसटीत वहिनी म्हणाली, "आत्याबाई, तो सरांचा प्रश्न आता सोडवायला पाहिजे."

"सोडव की," आई म्हणाली. "आज मात्र जरा डोळा लाव."

जालना येईपर्यंत वहिनी आईच्या खांद्यावर गाढ झोपली होती.