चाचांची हजेरी

आमच्या मजल्यावरचे चाचा दाराला तीन कुलपं लावून लिफ्टने खाली जायचे आणि ती ओढून बघायला पुन्हा वर यायचे. एवढ्यावर भागलं तर नशीब. कधी पार्किंगमधून माझ्या नवऱ्याला फोन यायचा, "साहेब, तुम्ही निघालाच आहात तर जाता जाता माझं मधलं कुलूप जरा ओढून बघा." आखातातल्या आमच्या अल कुसैसच्या त्या बिल्डिंगमध्ये रत्नागिरीकडची पाच-सहा बिऱ्हाडं होती, त्यांनी चाचांचं नाव शंकासुर ठेवलं होतं. चाचांना ते ठाऊक होतं. "तो शिमग्यात नाचून घरी जातो," ते म्हणायचे, "मी बारा महिने ड्यूटीवर असतो."

चाचा स्वतःही रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावचे. इथे एका स्पेअर पार्टच्या गोदामात स्टोअरकीपर होते. बेअरिंगं मोजता मोजता माणसंही मोजायची सवय त्यांना लागली असावी. मी दिवाळीचे लाडू दिले की आधी वास घ्यायचे, तूप कुठल्या दुकानातलं ते विचारायचे आणि मगच तोंडात टाकायचे. माझी मुलगी वैतागून म्हणायची, "आई, व्हाय डज ही चेक एव्हरीथिंग?" चाचांनी ते एकदा ऐकलं. "आपण चेक केलं नाही बेटा, तर समोरचा बिघडतो. त्याला बिघडवल्याचं पाप आपल्या माथी."

या स्वभावापायी त्यांनी गाव गमावलं होतं. दर सुट्टीत भावांच्या वाटणीची मोजणी आणायची म्हटल्यावर कोणता भाऊ दारात उभं करील? मुलगी कॅनडात. ती बोलावायची, पण चाचांचा त्या थंडीवर विश्वास नव्हता, जावयावर तर त्याहून नव्हता.

एकदा अल बर्शाच्या एका हॉटेलात बालीतले व्हिला विकायचा कार्यक्रम होता, जेवण फुकट. चाचा माझ्या नवऱ्याला घेऊन गेले. एजंट पडद्यावर निळं पाणी दाखवत असताना चाचा उठून उभे राहिले. परदेशी माणसाला तिथे जमिनीची मालकी मिळत नाही, मग कागद कुणाच्या नावावर? "हबीबी, नो टेन्शन, लोकल पार्टनर के नाम पे." लोकल पार्टनर मेला तर? त्याच्या बायकोचं बिनसलं तर? गोड येण्याआधीच दोघांना नम्रपणे लिफ्टपर्यंत पोचवण्यात आलं. घरी येऊन चाचांनी निकाल दिला, "बिर्याणी खरी होती. बाकी सगळं खोटं."

म्हणूनच, निवृत्तीला काही महिने उरलेले असताना हेच चाचा जेव्हा म्हणाले की आपण ग्रॅच्युइटी इंडोनेशियातल्या एका खेड्यात घालतोय आणि राहायलाही तिथेच जातोय, तेव्हा मी हातातला कप खाली ठेवला. लोम्बोक नावाचं बेट, त्यावरचं भातशेतीचं लहानसं गाव, तिथे नारळाची बाग आणि तेलाचा घाणा. ऐंशी हजार दिरहम, म्हणजे अठरा लाखांच्या वर रुपये. जमीन एका ओळखीच्या बाईच्या सासऱ्याची, ती त्याच्याच नावावर राहणार, चाचांना उत्पन्नातला हिस्सा. त्या बाईचं नाव सिती.

सिती कोण ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. चाची अंथरुणाला खिळल्या तेव्हा ती तासांवर यायची, त्यांना न्हाऊमाखू घालायची, डोक्याला तेल लावायची. चाचांनी पहिल्याच आठवड्यात तेलाच्या बाटलीवर पेनाने बारीक रेघ मारून ठेवली. याआधीच्या दोन बायका असल्याच रेघा बघून तडकून निघून गेल्या होत्या. सितीने रेघ पाहिली, त्या दिवशी लागलं तेवढं तेल घेतलं आणि खाली स्वतःची रेघ मारून पुढे 'स' काढला. इंग्रजी लिपीतला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. चाचांनी मला ती बाटली आणून दाखवली होती. "चाळीस वर्षं लोकांना तपासतोय," ते म्हणाले, "राग न आलेली ही पहिलीच."

चाची गेल्या, सिती तिच्या गावी परतली आणि चाचा तीन कुलपांच्या आत एकटे उरले. त्याच सुमारास चौथ्या मजल्यावर एकटाच राहणारा एक गृहस्थ गेला. कुणाला कळलंच नाही. शेवटी वास आला म्हणून वॉचमनने पोलीस बोलावले. त्यानंतर चाचा रोज सकाळी कामावर जाताना आमची बेल वाजवू लागले. मी दार उघडलं की एवढंच म्हणायचे, "आहे, बेटा." आणि लिफ्टकडे वळायचे. मला आधी हसू यायचं. मग एके दिवशी त्यांनी विचारलं, "तुम्ही सुट्टीला पुण्याला जाता तेव्हा मी कुणाला सांगू?"

पैसे घालण्याआधी ते गाव बघून आले. समुद्र कसा आहे, डोंगर कसा आहे, यावर एक शब्द नाही. बोलले ते एका पाटीबद्दल. गावात शिरताना पाटी आहे: पाहुण्यांनी चोवीस तासांच्या आत वस्तीच्या प्रमुखाला कळवावे. त्या प्रमुखाला ते पाक आरटी म्हणतात. चाचा त्याच्याकडे गेले, तर त्यानेच यांना उलट प्रश्न विचारले. कुठून आलात, कुणाकडे उतरलात, किती दिवस, का. चाचा सांगताना खुलले होते. "आपल्याकडे विचारलं की लोकांना राग येतो. तिथे विचारलं नाही तर येतो."

आमचं काही समाधान झालं नाही. सितीने या म्हाताऱ्याचा वीक पॉइंट बरोबर हेरला, असं मजल्यावर सगळ्यांचं मत. काहींनी त्यांचा निकाहसुद्धा लावून टाकला. सितीच्या नवऱ्याचा फोटो चाचांनी दाखवला तर मी तो झूम करून बघितला, खरंच नवरा आहे का म्हणून. "जगाला तपासणारा माणूस म्हातारपणी फसतो तो असा," माझा नवरा म्हणाला. मी चाचांना स्पष्टच विचारलं, "ते व्हिलावाले खोटे आणि ही सिती खरी कशावरून?" चाचा म्हणाले, "खरी आहे असं कुठे म्हणतो मी? ती मला तपासू देते, एवढं म्हणतो."

टॅक्सीत बसताना त्यांनी बॅगेच्या चेन दोनदा ओढून बघितल्या आणि तिन्ही कुलपं माझ्या हातात दिली. माझे डोळे भरून आले. ते मात्र ड्रायव्हरच्या मीटरकडे बघत होते.

मग रोज व्हॉइस मेसेज येऊ लागला. "आहे, बेटा." कधी मागे कोंबडा आरवायचा, कधी घाण्याची घरघर. गावात नेटवर्क यथातथाच, त्यामुळे कधी तीन-चार 'आहे' एकदम यायचे. एकदा लांब मेसेज आला. रोज सकाळी पाक आरटीकडे हजेरी लावतो, त्याने सांगितलं की आता तुम्ही पाहुणे नाही, यायची गरज नाही. "मी तरीही जातो. तो चहा चांगला करतो."

आणि एके दिवशी मेसेज थांबले. फोन लागेना. बिल्डिंग म्हणाली, "खलास, बुडाले चाचा." मलाही तेच वाटत होतं. पैसे काढून घेतले असतील, हाकलून दिलं असेल, आजारी पाडलं असेल. सितीचा नंबर आमच्याकडे नव्हता, कॅनडातल्या मुलीचाही नव्हता.

काही आठवड्यांनी एका शुक्रवारी दारात एक मुलगी उभी. सितीची भाची. अबू धाबीला अल रीम आयलंडवर एका घरी कामाला लागली होती, सुट्टीच्या दिवशी बस पकडून आली होती. चाचांकडून शिकलेल्या हिंदीत ओळख सांगून तिने पिशवीतून खोबरेल तेलाची बाटली काढली. चाचांनी माझ्यासाठी भरून, माझा पत्ता लिहून तिच्याकडे दिली होती. तिचा व्हिसा यायला उशीर झाला आणि तेवढ्यात चाचा गेले. त्यांच्या फोनचं लॉक कुणाला उघडता येईना, म्हणून आम्हाला कळवता आलं नाही.

मी रडायच्या आधी पहिला प्रश्न विचारला तो हा, "कितने दिन बाद पता चला?"

तिला प्रश्नच कळला नाही. "दिन? सुबह चाचा हाजिरी के लिए नहीं आए ना, तो पाक आरटी चाय छोड़ के खुद गए. दरवाज़ा खुला था." दुपारच्या आत सगळं गाव जमलं होतं आणि अस्रच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजाआधी दफन झालं.

बागेच्या उत्पन्नातला चाचांचा हिस्सा आता त्यांच्या मुलीला जातो, तिचा नंबर कराराच्या कागदावर होता, असं भाची म्हणाली. मी तो नंबर घेऊन कॅनडाला फोन करून विचारलं. हो, तपासलं. जातो.

बाटलीवर दोन रेघा होत्या. वरची चाचांची, आणि बोटभर खाली दुसरी. तेल खालच्या रेघेला होतं. मी बघतेय हे पाहून मुलगी लाजली. "थोड़ा बाल में लगाया. चाचा बोले थे, लेना है तो ले, लाइन मारना."

आता तिसरी, चौथी अशा माझ्या रेघा चालू आहेत. नवरा विचारतो, घरात माणसं तीन, तुझा संशय कुणावर? संशय कुणावरच नाही. सकाळी तेल घेते, रेघ मारते आणि हळूच म्हणते, "आहे, चाचा."