पायरीजवळची कोरी जागा

सणासुदीला सगळं अंगण शेणानं सारवलं, तरी अक्का पायरीजवळचा हातभर तुकडा कोराच ठेवायची. शेजारणी नाकं मुरडायच्या. "सारवलं तर लेकींचं दार बुजंल की," एवढंच ती म्हणायची. लेकी म्हणजे जमिनीत भोकं पाडून राहणाऱ्या बारक्या मधमाश्या.

अक्का माझी आत्या, पण सगळं मुडबी गाव तिला अक्काच म्हणे. पोलीस अॅक्शनच्या साली नवरा गेला आणि निंबर्ग्याच्या सासरच्यांनी तिला माहेरी आणून टाकलं. मूलबाळ नव्हतं. मला मांडीवर घेऊन ती भोकं दाखवायची. "आईनं घर उकरलं, लेकी मोठ्या झाल्या तरी हितंच राहतेत. ती बघ, दारात डोस्कं लावून बसलीय. परकी आली की आडवी व्हतीय, भैन आली की मागं सरतीय."

पुढं माझ्या अप्पांना, म्हणजे तिच्या थोरल्या भावाला, अंगणात शहाबादी फरशी घालायची हौस आली. तेवढी पायरीजवळची जागा सोड म्हणून अक्का त्यांच्या पाया पडली. अप्पांनी नेमकी तिथूनच सुरुवात केली! आतल्या माश्या गाडल्या गेल्या, बाहेरच्या दगडावर घिरट्या घालत राहिल्या. भर दुपारी अक्कानं पहार आणली आणि ती फरशी उचकटून भिंतीला लावून ठेवली. चार माणसांत शोभा झाली म्हणून अप्पांनी तिला निंबर्ग्याला धाडलं. एका फरशीपायी सख्खी बहीण! लिहितानाही माझं डोकं फिरतं.

दिरानं तिला गोठ्यात ठेवलं. वर्षभरानं ती गाठोडं घेऊन परत आली, तर अप्पा दारातच उभे.

"कामून आलीस?"

फरशी अजून भिंतीलाच होती आणि पायरीजवळच्या मातीत माश्यांनी पुन्हा भोकं पाडली होती. एक माशी उडत आली. भोकातलं डोकं मागं सरलं आणि ती आत गेली.

"बघ अण्णा," अक्का अप्पांना म्हणाली, "हिनं तर सरून वाट दिली."

अप्पा तसूभर हलले नाहीत. माझ्या आईनं आतून पाण्याचा तांब्या दिला, तेवढाच काय तो पाहुणचार. अक्का बसवकल्याणला लोकांच्या घरी स्वयंपाक करत राहिली आणि तिथंच गेली.

आता ते घर माझ्या भावाचं आहे. मी माहेरी गेले की तो चहा विचारतो, मुक्काम विचारत नाही. ती एक फरशी बसवून टाकू, असं मात्र दरवेळी म्हणतो. "हात लावून तर बघ," असं मी त्याला त्याच्याच दारात आडवी उभी राहून सांगते.