एका चालीची क्रियापदं

इंग्रजीवर माझा राग आहे आणि तो मी लपवत नाही. बीडच्या दवाखान्यात कळवळणारा पेशंट ‘आई गं’ म्हणतो, इंग्रजीत कळवळत नाही. मग नर्स व्हायला निघालेल्या पोरीनं आधी इंग्रजीत बोलून दाखवायचं, हा कुठला न्याय? हे मी पत्रकात छापलंय, सभेत ओरडून सांगितलंय, पुढंही सांगणार. पण त्याच इंग्रजीनं एकदा माझी बोलती बंद केली.

कपिलधारच्या डोंगराखाली मेंढपाळांची वस्ती आहे. तिथली एक मुलगी आमच्या संघटनेच्या बैठकांना यायची. पुढं बसायची, पण घोषणा कधी द्यायची नाही. बारावी झाल्यावर तिनं पुण्याकडच्या एका दवाखान्याच्या नर्सिंग शाळेत अर्ज केला. फी माफ, राहणं-खाणं त्यांचंच. अट एकच, मोबाईलवर मुलाखत, तीही इंग्रजीत. ही जागा गेली तर शिक्षण संपलं, हे तिच्या आबांनी, म्हणजे वडिलांनी, स्पष्ट सांगितलं होतं. मेंढरामागं माणूस लागतं.

आबांना भेटायला गेले तेव्हा त्यांनी एका शेतात खतासाठी मेंढरं बसवली होती. काठीवर हनुवटी टेकवून ते मला म्हणाले, “बाई, पोरीला बोलाया शिकवा. पण एक ध्यानात ठिवा. आमची गरिबी इकून जागा घ्यायची न्हाई.”

मी मान डोलावली. पण माझा हात पत्रकावर घडलेला. अन्यायानं सुरुवात केल्याशिवाय तो चालतच नाही. तिला ‘स्वतःची ओळख’ म्हणून मी जे पानभर इंग्रजी लिहून दिलं, ते तहसीलदाराला द्यायचं निवेदनच होतं. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या दुर्लक्षित. पाणी आणणं अवघड. रस्ता देतो म्हणत होते, कुणी आलेलं नाही. शेवटी, आमची मागणी पूर्ण झालीच पाहिजे. बिचारीनं मेंढरांमागं फिरत फिरत ते तोंडपाठ केलं.

मग उच्चार तपासून घ्यायला तिला घेऊन मी बीडला मॅडमकडं गेले. मॅडम म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या इंग्रजीच्या बाई. त्यांचे भाऊ फळांचे व्यापारी, त्यामुळं खालच्या खोलीत सीताफळांचे क्रेट आणि वरच्या खोलीपर्यंत त्यांचा वास. मॅडमनी डोळे मिटून सगळं ऐकलं आणि विचारलं, “बेटा, तू मुलाखतीला चालली का मोर्चाला?”

पोरगी फिसकन हसली. मी तापले. यात खोटं काय आहे, असं विचारलं. मॅडम म्हणाल्या, खोटं काहीच नाही, पण ही पोरगी यात कुठंय? आणि तुझी क्रियापदं बघ. एक उभं आहे, दुसरं लंगडतंय, तिसरं निघून घरी गेलंय. ऐकणाऱ्यानं जायचं कुणाच्या मागं?

मला पटेना. मग त्या म्हणाल्या, तू घोषणा देतेस ना, दे एक. मी दिली: रस्ता द्या, पाणी द्या, शाळा द्या. मॅडम म्हणाल्या, आता अशी दे: रस्ता द्या, पाणी मिळायला हवं होतं, शाळेचं बघतो म्हणालेत.

क्रेट मोजायला जिन्याशी आलेले त्यांचे भाऊ तिथूनच म्हणाले, “ऐसा मोर्चा तो गल्लीच्या बाहेर बी न्हाई निघनार.”

मलाही हसू आलं, पण आत काहीतरी लख्ख झालं. ज्या चालीवर मी माणसं रस्त्यावर आणते, ती चाल या साहेबी भाषेतही आहे! मला वाटायचं, नियम फक्त आम्हाला नापास करायला केलेत.

मॅडमनी माझा कागद घडी करून बाजूला ठेवला. पोरीला म्हणाल्या, घरात कोण काय करतं ते आधी मराठीत सांग, सगळं एका चालीत. ती म्हणाली, बाप मेंढरं चारतो, आई शेरडं पिळते, भाऊ ऊस तोडतो. आणि तू? ती म्हणाली, कोकराचा पाय मोडला की मी जखम धुते, पाय बांधते, ते उभं राहीपर्यंत जवळ बसते.

वर्षभर ती माझ्या बैठकांना बसली होती. मला हे माहीत नव्हतं. माझ्या पत्रकात त्याला जागाच नव्हती.

मग तेच इंग्रजीत झालं. माय फादर ग्रेझेस द शीप. माय मदर मिल्क्स द गोट्स. आणि शेवटी आय वॉश, आय टाय, आय सिट. बापाचं, आईचं, भावाचं आणि तिचं क्रियापद खांद्याला खांदा लावून एका उंचीचं उभं होतं. कुणी हात पसरत नव्हतं. मॅडम एवढंच म्हणाल्या, “बास. आता यात काय घालू नको.”

मुलाखत त्याच खोलीत झाली, कारण वस्तीवर रेंज नाही. मोबाईल खालून आणलेल्या सीताफळांच्या क्रेटला टेकवलेला, मॅडम आणि मी दाराआड. ओळख नीट सांगून झाली. मग पलीकडच्या बाईंनी विचारलं, नर्सच का व्हायचंय? हे आम्ही बसवलेलं नव्हतं. तिनं दाराकडं पाहिलं. मी दाराआडून काहीतरी सुचवायला तोंड उघडलं, तर मॅडमनी माझं मनगट धरलं.

तिनं पुन्हा कोकराचंच सांगितलं. धुते, बांधते, बसते. मग पलीकडून प्रश्न आला, आणि ते कोकरू उभं राहतं का?

“समटाइम्स, मॅडम,” ती म्हणाली. “समटाइम्स नॉट. बट आय सिट.”

मी आयुष्यात इतकी भाषणं ऐकली, दिली. असं वाक्य माझ्याकडून अजून झालेलं नाही.

जागा मिळाली. सांगायला गेलो तेव्हा मेंढरं वडवणीच्या बाजूला, एका पीक कापून झालेल्या रानात होती. आबांनी जागेचं ऐकून घेतलं, पण पहिला प्रश्न दुसराच केला. “गरिबी सांगितली का?”

“न्हाई आबा. आपलं काम सांगितलं.”

“कसं?”

ती मेंढरांच्या मधोमध उभी राहिली आणि इंग्रजीत म्हणून दाखवलं. आबा काठी धरून शेवटपर्यंत ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, “फादर म्हंजे मीच न्हवं?”

“तुमीच.”

“पयलं मीच?”

“पयलं तुमीच.”

त्यांनी तोंड मेंढरांकडं फिरवलं. मग तसेच पाठमोरे म्हणाले, “परत म्हन.”