उलटं फिरणारं इंजिन

शीळफाट्याजवळच्या एका दगडखाणीत लष्करी लिलावातून आलेली शॉव्हेल होती. शॉव्हेल म्हणजे लोखंडी पट्ट्यांवर चालणारं, ट्रकात दगड भरणारं प्रचंड यांत्रिक फावडं. दुसरं महायुद्ध संपल्यावर कल्याणच्या छावणीतून असा बराच माल बाहेर पडला होता. यंत्र दणकट, पण त्याचं पेट्रोल इंजिन भारी खादाड. सकाळी भरलेली टाकी जेवणाच्या सुट्टीपर्यंत तळाला जायची, आणि धूर असा की समोरचा डोंगर दिसेनासा व्हायचा.

खाणीचे मालक तिथल्याच गावचे, पूर्वापार शेती करणारे. सगळे त्यांना दादूस म्हणायचे. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा. डोंबिवलीला राहायचो, एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. शॉव्हेलच्या एका मोडक्या चाकाचं ड्रॉइंग मी त्यांना काढून दिलेलं, तेवढ्यावरून दादूस मला इंजिनियर समजू लागले. मीही त्यांचा गैरसमज दूर केला नव्हता.

एका रविवारी त्यांनी मला बोलावून घेतलं. आंब्याखाली ताडपत्री बाजूला केली, तर आत डिझेल इंजिन! खाडीत दोन इंजिनांची एक लाँच खडकावर फुटली होती, त्यातलं एक त्यांनी उचलून आणलं होतं.

"सायेब, यो इंजान हिच्यान बसंल का?"

"बसेल," मी म्हणालो. म्हणालो खरा. मी कागदावर इंजिनं पुष्कळ काढली होती, हातानं एकही बसवलं नव्हतं.

माझं नशीब की सोबत खाणीचे मिस्त्री होते. कल्याणच्या निर्वासित कॅम्पात राहणारे, पन्नाशीचे सिंधी गृहस्थ. फाळणीआधी तिकडे पिठाच्या गिरण्यांची डिझेल इंजिनं त्यांनीच चालती ठेवलेली. त्यांनी इंजिनावर हात फिरवला, पाना मारून आवाज ऐकला आणि म्हणाले, "बैठेगा क्यों नहीं? बिठाएँगे तो बैठेगा।"

मग रविवारमागून रविवार आम्ही त्या यंत्राला चिकटून राहिलो. डिझेल इंजिन जुन्याच्या दीडपट वजनाचं, म्हणून खाली नवे गर्डर टाकले. ते सावकाश फिरणारं, म्हणून साखळीचं दातेरी चाक मोठं हवं होतं. दाते किती ते मी काढलं आणि कल्याणच्या एका लेथवाल्याकडून चाक बनवून घेतलं. थंड राहायला खाडीचं पाणी पिणाऱ्या इंजिनाला इथे पाणी कुठलं? शॉव्हेलच्या पाठीवर दोन पिंपं बसवली. मी रात्रंदिवस त्याच विचारात असायचो. बायको म्हणायची, "अहो, भात कालवता की तोही मोजताय?"

चाचणीच्या दिवशी अख्खी खाण काम टाकून जमली. मिस्त्रींनी आणि मी मिळून हँडल मारलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा इंजिन खोकलं आणि धडधडायला लागलं. त्या आवाजानं पायाखालची खडी थरथरली. लोक ओरडले, मीही ओरडलो. मिस्त्री वर चढून बसले आणि त्यांनी फावडं उचलायचा दांडा ओढला.

फावडं वर गेलंच नाही. ते ज्यावर टांगलेलं, तो दोर ढिला पडत गेला आणि फावडं धप्पकन जमिनीवर बसलं. मिस्त्रींनी पुढे जायचा दांडा टाकला, तर शॉव्हेल मागे सरकली. मागे उभ्या असलेल्या बाया किंचाळून पळाल्या. मिस्त्रींनी इंजिन बंद केलं.

"उल्टा है," ते शांतपणे म्हणाले.

माझे कान तापले. लाँचची दोन इंजिनं एकमेकांच्या विरुद्ध फिरतात, म्हणजे लाँच सरळ चालते. हे मला ठाऊक होतं! दाते मोजले, वजनं मोजली, आणि फिरतंय कुठल्या अंगाला, तेवढंच पाहायचं राहिलं.

"डावीकडे फिरतंय, उजवीकडे फिरायला हवं होतं," मी दादूसना कसंबसं सांगितलं.

ते शॉव्हेलच्या पलीकडच्या अंगाला उभे होते. तिथूनच म्हणाले, "डावीकरं? मना त उजवीकरं फिरताना दिसला."

"नाही हो, डावीकडे."

"मी काय आंधला हाय? मी हितशी बगीतला ना!"

मी चिडून उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसाच थांबलो. ते पलीकडून बघत होते. त्यांना तिकडून उजवीकडेच दिसणार! मग इंजिनच फिरवून साखळीच्या पलीकडच्या बाजूला, उलट्या तोंडानं बसवलं तर?

मी मिस्त्रींकडे पाहिलं. त्यांनी दोन्ही मुठी एकमेकींसमोर धरल्या, एक वळवून पाहिली आणि मोठ्यानं हसले. "साहब, दादूस पास हो गया!"

पुढच्या रविवारी तिपाई आणि चेनपुलीनं इंजिन पुन्हा उचललं. हवेत लोंबकळणारं ते धूड आम्ही आठ जणांनी दोरांनी ओढून फिरवलं. हँडल बाहेर यावं म्हणून बाजूचा पत्रा कापावा लागला. दुपारपर्यंत शेवटचा बोल्ट आवळला.

या खेपेला दुसऱ्यांदा हँडल मारताच इंजिन सुरू झालं. मिस्त्रींनी दांडा ओढला. दोर ताणला, करकरला, आणि दगडांनी भरलेलं फावडं सरळ वर उठलं. दादूसनी मला मिठीच मारली. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर माझी ग्रीसची दहा बोटं उमटली.

"अब आप," म्हणत मिस्त्री खाली उतरले आणि मला वर ढकललं. मी फावडं उचललं, ट्रकावर नेलं आणि घाईनं रिकामं केलं. अर्धे दगड ट्रकात पडले, अर्धे बाहेर. ड्रायव्हर टपावर चढून मला शिव्या घालत होता, इंजिनाच्या आवाजात मला एकही ऐकू येत नव्हती, आणि मी दुसरं फावडं भरायला घेतलं होतं.