पांढऱ्या खोळींमागची माणसं

नाटकाचे फोटो काढायला मला बोलावतात आणि मी प्रेक्षकांचेच काढत बसते, ही माझी जुनी खोड. विंगेतून पाहिलं की रंगमंचाच्या उजेडात कोण कुठे बसलंय ते स्वच्छ दिसतं. आमच्याकडे पहिल्या दोन रांगांना पांढऱ्या खोळी घालून त्या निमंत्रितांसाठी राखतात. निमंत्रित बहुधा येत नाहीत, आणि सभागृह कितीही भरलं तरी तिथे बसायची कोणाची हिंमत होत नाही.

अशाच एका प्रयोगाचा माझा फोटो आहे. पुढे दोन पांढऱ्याशुभ्र रिकाम्या रांगा, मागे खचाखच गर्दी, आणि भिंतीला टेकून उभी माझी आई, तोंडावर पदर धरून हसणारी. अर्धं आयुष्य हातमागावर घालवलेल्या तिला नाटकाचं भारी वेड. "पुढे बस ना," म्हटलं की म्हणायची, "ते मोठ्या लोकायचं हाय वं." मला भयंकर राग यायचा, खुर्च्यांचा आणि तिचाही.

यंदा मे महिन्यात त्याच नाट्यगृहात माझ्या फोटोंचं प्रदर्शन ठरलं. कार्यवाह त्या फोटोपाशी अडले.

"ताई, एवढा एक काढून टाका ना. समोर रिकामं दिसून राहिलं, आमची शोभा होते."

"मग रिकामं ठेवता काहून?"

मी हट्टाला पेटले, लागतील तर सगळे, नाहीतर एकही नाही. शेवटी त्यांनी तो पिण्याच्या पाण्याच्या कोपऱ्यात टांगला.

तिथेच ते फसले. मेच्या उन्हातून आलेला नागपूरचा माणूस आधी पाण्याकडेच वळतो. गर्दी हटेना; फोटोवर बोट ठेवून जो तो स्वतःला शोधू लागला. "हा पाय, मी!" "मी बी उभाच होतो गा!" हातात पेला घेऊन लोक कार्यवाहांनाच विचारू लागले, या खोळी कोणासाठी? तिसऱ्या दिवशी कार्यवाह कोपऱ्याकडे फिरकेनासे झाले.

पुढच्या प्रयोगाला खोळी नव्हत्या. मी आईला हाताला धरून पहिल्या रांगेत बसवलं. आधी ती खुर्चीच्या कडेवर टेकली, मग हळूहळू मागे रेलली. दुसऱ्या प्रवेशात ती खदखदून हसली आणि पदर खांद्यावरच राहिला. मला इतका आनंद झाला की विंग सोडून मी थेट तिच्यासमोर जाऊन कॅमेरा रोखला.

"बाजूले हो वं," सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशी आई ओरडली, "मले नाटक दिसून नाही राहिलं!"