अब्बांचा खोकला आणि हिरामावशींचे बिबडे

आमच्या गल्लीने एका उन्हाळ्यात आमच्या दुकानातला कापूस खाल्ला आहे. तळून. गल्ली ते अजून बोलून दाखवते आणि बोलताना माझ्याकडेच बघते.

आम्ही शहाद्याचे पिंजारी. घराच्या पुढच्या खोलीत अब्बांचं कापूस पिंजायचं मशीन, मागच्या खोल्यांत आम्ही. लोकांच्या जुन्या, दगड झालेल्या गाद्या येतात. अब्बा त्या उसवतात, आतला कापूस मशीनमध्ये घालतात आणि तो फुलून बाहेर येतो. फुलताना त्यातली माती आणि बारीक तंतू हवेत उडतात आणि तिथून सरळ अब्बांच्या छातीत जातात. (आमच्या घरात भांडण अहिराणीत होतं, लाड हिंदीत. मराठी मला शाळेने दिली आणि नोकरीने टिकवली.)

त्या वर्षी डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरून सांगितलं, "चाचा, एक तर धूळ थांबवा, नाही तर काम." अब्बांनी दोन्ही चालू ठेवलं आणि डॉक्टर बदलला! भिंतीपलीकडून त्यांचा खोकला ऐकू यायचा. एक उबळ संपली की दुसरी येईपर्यंत मीच श्वास धरून बसायची. मला भीती वाटायची, साधी, लहान मुलाला वाटते तशी.

"अब्बा, निदान तोंडाला कपडा बांधा!"

"तोंड बांधीसन बसू? गिऱ्हाईकले वाटी, दुकानमा चोर बसेल शे!"

"खोकला किती वाढलाय!"

"मन्हा बाप बी खोकलत ऱ्हायना. धंदानी निशानी शे ती."

"दादाजान तसेच खोकता खोकता गेले, अब्बा."

यावर ते उठून मशीन सुरू करायचे. मशीनच्या आवाजात कुणाचं काही ऐकू येत नाही, आणि अब्बांना ते चांगलं ठाऊक होतं.

आता माझ्याविषयी. मी एका साखर कारखान्यात पर्यावरण विभागात आहे. कचरा झाल्यावर त्याचं काय करायचं हा प्रश्नच चुकीचा, तो मुळात होऊच नये असं काम करा, हे मी कामगारांना पडद्यावर चित्रं दाखवून शिकवते. गळका नळ दिसला की माझा आवाज चढतो. (साहेब मला 'जागरूक' म्हणतात. कामगार काय म्हणतात ते मी विचारलेलं नाही.) अशा हुशार बाईने घरातली धूळ कशी थांबवावी? तिने भिंतीला भोक पाडलं आणि त्यात भलामोठा पंखा बसवला! आतली धूळ ओढायची, बाहेर फेकायची. खोली स्वच्छ, अब्बा स्वच्छ, विषय संपला.

बाहेर म्हणजे कुठे, हे मी बघितलं नव्हतं.

बाहेर हिरामावशींच्या खाटा होत्या. हिरामावशी म्हणजे समोरच्या घरातल्या विधवा बाई. उन्हाळ्यात ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे पापड, करून विकतात आणि त्यावर त्यांचं घर चालतं. शिजवलेलं पीठ ओल्या कपड्यावर थापायचं आणि खाटेवर वाळवायचं. ओल्या बिबड्याला काय चिकटत नाही! माझा पंखा दिवसभर इमानाने फिरला आणि मावशींचा पहिला घाणा वाळून तयार झाला.

पहिला मान गल्लीचा, म्हणून मावशींनी घरोघरी चार-चार बिबडे तळून पाठवले. अम्मीने तोंडात घातला आणि चावायची थांबली.

"केस शे यामा," ती हळूच म्हणाली.

केस शेजारच्या घरातही निघाला, त्याच्या पलीकडेही निघाला. पांढरा! हिरामावशींचे केस तर काळेभोर. म्हणजे मावशी केस रंगवतात, असा निकाल गल्लीने अर्ध्या तासात दिला. एका बाईने तर त्यांना रंग कोणता वापरता म्हणून विचारलं! मावशी तरातरा घरी गेल्या, खाटेवरचे बिबडे उजेडात धरले आणि बघतात तो काय, एकूण एक बिबड्याला बारीक पांढरी दाढी.

"नसरीन! बाहेर ये व! हाई देख, मन्हा बिबडासले दाढी फुटनी!"

"मावशी, तो कापूस आहे..."

"कापूस शे ते मले दिखस! तुन्हा बापना खोकला तू मन्हा खाटवर वाळत घालस का?"

मी नवे बिबडे करायला ज्वारी आणून दिली, माफी मागितली आणि पंखा बंद केला. त्या दिवशी अब्बा असे खोकले की अम्मीला त्यांची पाठ धरून उभं राहावं लागलं. मग मी दुसरी अक्कल चालवली. पंख्याला बाहेरून पत्र्याचा पाइप लावला आणि पाइपच्या तोंडाशी जुन्या चादरींची पिशवी शिवून बांधली. सगळी धूळ पिशवीत! (शिवण माझी होती. पिंजाऱ्याच्या मुलीला टाके घालता येत नाहीत ही गोष्ट आम्ही घराबाहेर जाऊ दिलेली नव्हती.)

नेमक्या त्याच सकाळी प्रकाशा या तीर्थगावच्या एका धर्मशाळेच्या गाद्या आल्या. देवाला आलेल्या किती माणसांचे पाय त्यावर पडले असतील देव जाणे. तापीकाठची निम्मी माती त्यांच्यात होती. अब्बांनी मशीन सुरू केलं. पिशवी फुगली. आधी उशीएवढी, मग गादीएवढी, मग म्हशीएवढी! पोरं टाळ्या पिटायला लागली. हिरामावशी पिठाचं पातेलं घेऊन बाहेर आल्या आणि पिशवीकडे बघत उभ्या राहिल्या.

"हाई फुटाव नही ना व?"

"मावशी, अजिबात नाही! शिवण पक्की आहे!"

'पक्की' हा शब्द तोंडातून पुरता बाहेर पडायच्या आत पिशवी फुटली.

गल्ली दिसेनाशी झाली. थोड्या वेळाने धूळ खाली बसली तेव्हा मावशी तशाच उभ्या होत्या, डोक्यापासून पायापर्यंत करड्या, फक्त डोळे तेवढे काळे. पातेल्यातल्या पिठावर बोटभर थर. (केसांचा रंग हा विषय मात्र कायमचा मिटला.) मी शिव्या ऐकायच्या तयारीने मान खाली घातली.

पण शिव्या आल्या नाहीत. मावशी माझ्या मागे बघत होत्या. अब्बा मशीन बंद करून ओट्यावर आले होते. पाइपखाली ढीग पडला होता, गुडघ्याएवढा. कापसासारखा पांढरा नव्हे, राखाडी, मातकट. अब्बा खाली बसले आणि त्यांनी त्यातली मूठभर उचलली.

"इतलं?" ते म्हणाले. "एकच सकायमा?"

 टाळ्या पिटणारी पोरं जवळ येऊन ढिगात वाकून बघायला लागली.

"हाई समदं मन्हा छातीमा जात व्हतं?" त्यांनी मूठ उघडली. "मन्हा बापनी छातीमा बी हाईच व्हतं."

मी त्यांना इतकी वर्षं सांगत होते, डॉक्टरांनी फोटो दाखवला होता, अम्मी रडली होती. ते ढिगाकडे बघत राहिले आणि त्यांचे डोळे भरून आले. माझा बाप असा घाबरलेला मी पहिल्यांदा पाहिला.

हिरामावशींनी पातेलं खाली ठेवलं. "रहीमभाऊ, बसा. नसरीन, पानी लई ये." मग पदराने तोंड पुसत मला म्हणाल्या, "मन्हं पीठ गयं ते गयं. पन बापले आते त्या खोलीमा असा बसू दिऊ नको."

मी पाणी आणलं आणि ढिगाशेजारी बसले. ती माती गाद्यांबरोबर आली होती आणि आम्ही ती जशीच्या तशी मशीनमध्ये घालत होतो. मशीन ती उडवत होतं आणि मी फक्त तिचा पत्ता बदलत होते, अब्बांच्या छातीतून मावशींच्या खाटेवर. जे मी कारखान्यात घसा फोडून शिकवते ते स्वतःच्या घरात मला सुचलं नाही, कारण घरात मला घाई झाली होती. अब्बांचा श्वास उद्याच मोकळा व्हायला हवा होता.

त्यानंतर आलेली गादी सरळ मशीनवर जात नाही. ती आधी गावाबाहेरच्या मोकळ्या पटांगणात उन्हात उसवायची, काठीने झोडून माती तिथेच पाडायची आणि स्वच्छ कापूस तेवढा घरी आणायचा. मशीनभोवती लाकडी पेटी केली. अब्बांनी कुरकुर न करता तोंडाला कपडा बांधला. पंखा काढला आणि भिंतीचं भोक मावशींनी समोर उभं राहून बुजवून घेतलं. आता झोडायचं कुणी? अब्बांना धुळीच्या जवळ जायला बंदी, अम्मीची कंबर धरलेली. दर रविवारी डोक्यापासून गळ्यापर्यंत ओढणी गुंडाळून मी गाद्या झोडते. अब्बा लांब, वाऱ्याच्या वरच्या बाजूला, निंबाखाली खुर्ची टाकून बसतात.

मागच्या महिन्यात एका रविवारी तिथे एक मोटार थांबली. काच खाली झाली आणि आतून आमच्या कारखान्याच्या साहेबांनी डोकं बाहेर काढलं. माझे फक्त डोळे दिसत होते.

"ओ मावशी, काम छान करता हो! आमच्या घरच्या तीन गाद्या झोडून द्याल का?"

मी तोंडावरची ओढणी काढायला हात वर केला, तेवढ्यात निंबाखालून अब्बा ओरडले, "दी ना साहेब, काबरं नही दी! मन्ही पोर शे ती, काम एकदम साफ शे तिन्हं, जराबी माती ठेवस नही, तुम्ही फक्त गाद्या आठे टाकी जा!"

एवढं लांबलचक बोलणं, मोठ्याने, लांबून, आणि मध्ये एकदाही खोकले नाहीत! मी हात तसाच खाली घेतला आणि बारीक आवाजात म्हणाले, "आणा साहेब, आणा."

पुढच्या रविवारी मी साहेबांच्या तिन्ही गाद्या झोडल्या. गरजेपेक्षा जरा जास्तच.