पोटातलं बंद घर

रत्नागिरीतल्या एका दवाखान्यात तो माझ्या शेजारी बाकावर बसला होता. डॉक्टरांना दाखवून झालं होतं, आता औषधासाठी थांबला होता. पूर्वी बोटीवर आचारी होता म्हणे. शर्ट दोन माणसं मावतील इतका ढगळ. हातातलं एकच बिस्कीट तो कण कण तोडून चावत होता.

"वजन उतरायला परदेशात पोट कापून घेतलं," तो म्हणाला. "वरचा जरासा भाग चालू ठेवलानी, बाकीचं पोट शिवून आतच बंद."

"पण बारीक झालात की!" मी हसलो.

"झालो ओ. पण बंद घर कसं असतं? भायरून कुलूप शाबूत, आत वाळवी. तिथे कॅन्सर धरला तर कळायचं कसं? दुर्बीण पोचत नाही. हल्ली आत दुखतं, म्हणून डॉक्टर म्हणतात, मुंबईस जाऊन उघडून बघा." त्याचा हात सारखा पोटावर जात होता. "आजच निघू, की गणपती झाल्यावर?"

"गणपती होऊन जाऊ देत," मी सहज म्हणालो. आमच्याकडे सगळं गणपतीनंतरच होतं.

त्याचा चेहरा सैल झाला. "बरं झालं, तुम्हीच म्हणालात," म्हणत त्याने उरलेलं बिस्कीट तोंडात टाकलं.

तो पुन्हा भेटला नाही. त्याचं काय झालं, ठाऊक नाही.

मालगुंडचं आमचं बंद घर मी गणपतीलाच उघडायचो. आता चतुर्थीपर्यंत धीर निघत नाही. मधेच एखाद्या दिवशी एस.टी. पकडतो, कुलूप काढतो आणि एकेक वासा ठोकून बघतो.